पदवीची किंमत आणि ज्ञानाचे मोल



बारावीचे निकाल लागले की मिरा-भाईंदरमधील घराघरांत हिशेब मांडला जातो. वैद्यकीयला किती खर्च येईल, अभियांत्रिकीला किती, सीए व्हायला किती वर्षे लागतील, पहिला पगार कितीचा असेल. या प्रश्नांची उत्तरे शेजाऱ्यांकडे, नातेवाइकांकडे आणि क्लासच्या फलकांवर तयार मिळतात. मात्र एखाद्या घरात मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला तत्त्वज्ञान शिकायचे आहे, आणि तेही नामांकित विद्यापीठात," तेव्हा घर गप्प होते. थोड्या वेळाने वडील विचारतात, "शिकून पुढे करणार काय?" मूल उत्तरते, "अब्बा, प्रत्येक गोष्ट पैशातच मोजायची का?"

दोघांचेही म्हणणे दुर्लक्ष करण्याजोगे नाही. वडिलांना उपजीविकेची काळजी आहे आणि इस्लामने त्या काळजीला कधीही हलके लेखलेले नाही. मुलाला ज्ञानाची ओढ आहे आणि त्या ओढीला आपल्या धर्मात इबादतीचे स्थान आहे. अडचण अशी की दोघे एकमेकांच्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. वडील किमतीविषयी बोलतात, मूल मोलाविषयी बोलते, आणि वाद घरातल्या अबोल्यावर संपतो. या दोन गोष्टी निराळ्या करून, दोन्हींचा प्रामाणिक हिशेब कसा करावा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पालकांची भीती खोटी नाही

सर्वप्रथम पालकांची बाजू नीट समजून घेऊ. मिरा रोडच्या नया नगरची वस्ती गेल्या चार-पाच दशकांतली. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे सुरक्षित निवाऱ्याच्या शोधात येथे आली. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आलेली, आखाती देशांतील नोकरीच्या बचतीवर छोटे घर घेतलेली कुटुंबेही येथे पुष्कळ आहेत. ज्या माणसाने एकदा सर्व काही मागे टाकून नव्याने संसार उभारला, त्याला मुलाच्या पदवीत धाकट्या भावंडांचे शिक्षण, बहिणीचा निकाह आणि स्वतःचे म्हातारपण दिसते. यात त्याचे काय चुकले?

सच्चर समितीने २००६च्या आपल्या अहवालात दाखवून दिले होते की २० वर्षांवरील मुस्लिमांत पदवीधर किंवा पदविकाधारकांचे प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी आहे, तर देशाच्या एकूण लोकसंख्येत ते सुमारे ७ टक्के आहे. ज्या समाजात अनेक घरांतील पहिलाच पदवीधर आजही घडत आहे, त्या समाजाने पदवीचा विनियोग जपून करावा, हे स्वाभाविकच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांना सर्व संपत्ती दान करण्यापासून रोखले आणि वारसांना लोकांपुढे हात पसरावा लागेल अशा स्थितीत सोडण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवणे बरे, असे समजावले. ज्यांच्या पोषणाची जबाबदारी आपल्यावर आहे त्यांना वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा म्हणून पुरेसा आहे, अशा आशयाची शिकवणही हदीसमध्ये आहे. म्हणून "पैशाचे काय?" असे विचारणाऱ्या बापाला दुनियादार ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु हिशेब करायचाच तर तो पूर्ण करावा. तिर्मिजी या हदीससंग्रहात एक प्रसिद्ध हदीस आहे. तिचा आशय असा की कियामतच्या दिवशी पाच गोष्टींचा जाब दिल्याविना माणसाचे पाऊल जागचे हलणार नाही: आयुष्य कशात घालविले, तारुण्य कशात झिजविले, संपत्ती कोठून मिळविली, ती कोठे खर्च केली आणि जे ज्ञान मिळाले त्याचे काय केले. शिक्षणाचा निर्णय घेणाऱ्या कुटुंबासमोर नेमक्या याच पाच गोष्टी असतात. वर्षे, तारुण्य, पैशाचा उगम, पैशाचा विनियोग आणि ज्ञान. बाजार यांपैकी फक्त एकच प्रश्न विचारतो, आणि तोही उलटा करून: या ज्ञानातून संपत्ती किती मिळेल? आपण मात्र पाचही प्रश्न विचारले पाहिजेत.

पैसा कोठून येणार?

तत्त्वज्ञान हा विषय स्वतः महागडा नाही. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, यंत्रे लागत नाहीत. पुस्तके, शिक्षक आणि विचार करण्याची फुरसत एवढ्यावर तो चालतो. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात तत्त्वज्ञानाचा विभाग आहे. मिरा रोडहून लोकलने सांताक्रूझ गाठले की तो फार दूर नाही. अनुदानित महाविद्यालयांतील कला शाखेचे वार्षिक शुल्क काही हजारांत असते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा एम.ए.चा अभ्यासक्रमही आहे.

महाग असते ते नाव. हरियाणात सोनिपत येथे २०१४ साली सुरू झालेल्या अशोका विद्यापीठासारख्या खासगी संस्थेत शिक्षणशुल्क आणि वसतिगृह मिळून वर्षाचा खर्च दहा लाखांच्या पुढे जातो. ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याचे केवळ शुल्कच वर्षाला तीस हजार पौंडांहून अधिक, म्हणजे तीस लाख रुपयांच्या वर असते. राहणे-जेवणे त्याहून वेगळे.

मध्यमवर्गीय घरात इतकी रक्कम साठवलेली नसते. मग बँकेचे शैक्षणिक कर्ज समोर येते. समजा, ३० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे ३९,६०० रुपयांचा बसतो आणि दहा वर्षांत परतफेड होते सुमारे ४७ लाख ५७ हजारांची. म्हणजे साडेसतरा लाखांहून अधिक रक्कम केवळ व्याजाची. आता दुसरी बाजू पाहा. तत्त्वज्ञान विषय घेऊन नेट परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्या आणि पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते. २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. म्हणजे या क्षेत्रातील गुणवंत विद्यार्थ्याच्या हाती पडणारी पहिली मोठी रक्कमही त्या कर्जाच्या हप्त्याला पुरत नाही. घरभाडे आणि जेवण तर दूरच. भावनेच्या भरात सही करण्यापूर्वी हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून पाहावेत.

आणि आकड्यांहून मोठा प्रश्न व्याजाचा आहे. सूरह अल-बकराच्या २७५ ते २७९ या आयतींत व्याजाविषयी जो इशारा दिला आहे, तो आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे. शिक्षणासाठी व्याजी कर्ज घेणे कोणत्या परिस्थितीत क्षम्य ठरते, यावर विद्वानांनी चर्चा केली आहे, आणि आपल्या परिस्थितीचा निर्णय जाणकार मुफ्तींना विचारूनच घ्यावा. पण मुफ्तींकडे जाण्यापूर्वी स्वतःच्या मनाला एक प्रश्न विचारता येतो. खरोखरीची निकड असेल तरच सवलतीचा प्रश्न उद्भवतो. दुसरा मार्गच नसेल तेव्हा निकड निर्माण होते. जे ज्ञान काही हजार रुपयांत कालिन्याला मिळू शकते, त्याच ज्ञानासाठी व्याजाचे ३० लाख काढणे ही निकड कशी म्हणता येईल? तेथे निकड ज्ञानाची नसते, नावाची असते. आणि नावाच्या निकडीसाठी अल्लाहने आखलेली मर्यादा ओलांडण्याची मुभा मागणे, हे मागणाऱ्याच्या जिभेलाही जड गेले पाहिजे.

याचा अर्थ नामांकित विद्यापीठाचे दार आपल्यासाठी बंद आहे, असा नाही. पूर्ण शिष्यवृत्ती मिळत असेल, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ आहे. खासगी विद्यापीठेही कुटुंबाची मिळकत पाहून शुल्कात सवलत देतात, हे अनेक पालकांना ठाऊकच नसते. मात्र अर्ज वेळेत करावा लागतो आणि मिळकतीची कागदपत्रे खरी द्यावी लागतात. सवलतीसाठी मिळकत लपवली, तर व्याज टाळून खोटेपणा पत्करला, एवढेच होईल. शासकीय मदतीचा मार्ग मात्र अरुंद झाला आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज भरणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना आणि संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती, या दोन्ही २०२२-२३ पासून बंद झाल्या. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून बेत आखू नयेत.

पैसा कोठे खर्च होणार?

नामांकित विद्यापीठ नेमके काय विकते, हे समजून घेतल्याविना त्याची किंमत ठरविता येत नाही. ते तीन गोष्टी देते. पहिली, उत्तम अध्यापन: लहान वर्ग, दर आठवड्याला लिहून घेतलेले निबंध, त्यांवर शिक्षकाने केलेली बारकाईची चर्चा, समृद्ध ग्रंथालय. दुसरी, संगत: हुशार, वाचणारे, वाद घालणारे सहाध्यायी आणि पुढे आयुष्यभर उपयोगी पडणाऱ्या ओळखी. तिसरी, नाव: मुलाखत घेणाऱ्याच्या मनात आधीच निर्माण झालेला आदर.

यातील पहिली गोष्ट खऱ्या अर्थाने ज्ञान आहे आणि तिच्यासाठी खर्च करणे योग्यच आहे. दुसरी गोष्ट ज्ञानाला पोषक आहे. तिसरी मात्र बाजारातील वस्तू आहे. ती घेण्यात पाप नाही, पण तिला ज्ञानाचा मुलामा देऊ नये. नाव विकत घेत असाल, तर व्यापाऱ्यासारखेच विचारा: भाव काय, परतावा काय, जोखीम काय? आणि हेही विचारा की हाच पैसा घरातील दुसऱ्या कोणाच्या हक्काचा आहे का? एका मुलाच्या नावासाठी दोघा धाकट्यांचे शिक्षण अडत असेल, आईच्या औषधांना कात्री लागत असेल, तर ते ज्ञानासाठी केलेले बलिदान ठरत नाही. ते एकाच्या हौसेपायी इतरांवर झालेले ओझे ठरते.

येथे आपल्या घरांतील आणखी एका हिशेबाकडे पाहिले पाहिजे. मुलगा तत्त्वज्ञान म्हणाला की विरोध होतो. मुलगी म्हणाली तर पुष्कळदा पटकन होकार मिळतो, कारण "तिला थोडेच कमवायचे आहे!" वरवर हे उदारपणाचे वाटते. वास्तविक यात मुलाकडे फक्त कमाईचे साधन म्हणून आणि मुलीच्या ज्ञानाकडे फक्त विरंगुळा म्हणून पाहिलेले असते. पाच प्रश्नांचा जाब मुलगी आणि मुलगा या दोघांनाही सारखाच द्यावयाचा आहे. मुलीने तत्त्वज्ञान घ्यावे, पण ते तितक्याच गांभीर्याने, पुढे शिकवण्याच्या, लिहिण्याच्या, कायदा किंवा प्रशासनात जाण्याच्या तयारीने घ्यावे. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडे मोठमोठे सहाबा शंका घेऊन येत, ते विरंगुळ्यासाठी नव्हे.

आयुष्य आणि तारुण्य

तारुण्यातील तीन-चार वर्षे ही पैशाहून मोठी गुंतवणूक आहे, कारण ती परत मिळत नाहीत. म्हणून "पुढे काय?" या प्रश्नाचे सरळ उत्तर विद्यार्थ्याने स्वतः शोधून घरच्यांसमोर ठेवावे.

मार्ग आहेत. नेट किंवा सेट उत्तीर्ण होऊन महाविद्यालयीन अध्यापनात जाता येते. सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये आहे. पण कायम पदे थोडी आहेत आणि अनेक पात्र उमेदवार वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात शिकवीत राहतात, हे सत्य लपवून चालणार नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे, त्याला ५०० गुण असतात. शिवाय २०१३ पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची प्रश्नपत्रिका सर्वांनाच अनिवार्य आहे. पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो, आणि युक्तिवादाची सवय झालेल्या मनाला तो परका वाटत नाही. पत्रकारिता, संपादन, अनुवाद, शालेय शिक्षण, रुग्णालयांतील आणि तंत्रज्ञानातील नैतिक प्रश्नांचा अभ्यास, हीही कामे आहेत. मात्र यांपैकी कोणताही मार्ग पदवी हातात पडताच आपोआप उघडत नाही. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला बहुधा त्यासोबत दुसरे एखादे कौशल्य कमवावे लागते.

यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आपल्या इतिहासात हीच रीत होती. इमाम अबू हनीफा (रह.) कूफा शहरात कापडाचा व्यापार करीत, आणि शासनाने देऊ केलेले न्यायाधीशपद त्यांनी नाकारले. इब्ने सीना वैद्यकी करीत. इब्ने रुश्द यांनी सेव्हिल आणि कुर्तुबा येथे काजी म्हणून काम केले आणि ते राजवैद्यही होते. ज्यांच्या तत्त्वचिंतनाने युरोपची विद्यापीठे शतकानुशतके गजबजली, त्यांची चूल त्या चिंतनावर पेटत नव्हती. अगदी अलीकडचे उदाहरण अल्लामा इक्बाल यांचे. १९०५ साली ते केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात गेले आणि १९०८ साली म्युनिक विद्यापीठाची तत्त्वज्ञानातील डॉक्टरेट घेऊन परतले. त्या काळी याहून नामांकित विद्यापीठे कोणती? पण त्याच मुक्कामात त्यांनी बॅरिस्टरीही पूर्ण केली होती. लाहोरला परतल्यावर काही काळ त्यांनी तत्त्वज्ञान शिकविले, पण घर चालले ते प्रामुख्याने वकिलीवर. आणि त्यांचा युरोपातील खर्च उचलला होता तो वडील बंधू शेख अता मुहम्मद यांनी, स्वतःच्या नोकरीच्या कमाईतून. केंब्रिज आणि म्युनिकच्या पदव्यांचा 'परतावा' कोणी लाहोरच्या वकिली उत्पन्नात मोजू लागला, तर त्याला त्या पदव्या फुकट गेल्यासारख्या वाटतील. पण त्या शिक्षणाने उपखंडातील मुस्लिमांच्या विचाराला जे वळण दिले, ते कोणत्या खात्यात जमा करायचे?

ज्ञानाचे काय केले?

आता पाचवा प्रश्न, जो सर्वांत अवघड आहे. येथे इमाम गझाली (रह.) यांच्याहून योग्य मार्गदर्शक मिळणे कठीण.

१०९१ साली, वयाच्या तिशीतच, त्यांची बगदादच्या निजामिया मदरशात प्रमुख अध्यापक म्हणून नियुक्ती झाली. ते त्या काळातील सर्वांत प्रतिष्ठेचे विद्यापीठच होते. आपल्या आत्मवृत्तात ते सांगतात की सुमारे तीनशे विद्यार्थ्यांना शिकवीत असतानाच, उरलेल्या वेळात त्यांनी तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ कोणाही गुरूविना वाचून काढले. दोन वर्षांच्या आत त्यांनी तो विषय आत्मसात केला आणि पुढे जवळपास वर्षभर त्यावर चिंतन केले. त्यानंतरच त्यांनी तत्त्ववेत्त्यांच्या वीस मतांची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला. तर्कशास्त्र मात्र त्यांनी टाकाऊ ठरविले नाही, ते स्वीकारले. ज्यांना भीती वाटते की तत्त्वज्ञान शिकल्याने मुलाचे ईमान डळमळेल, त्यांनी हे लक्षात घ्यावे. ज्या विचाराचे खंडन करायचे तो विचार आधी त्याच्या जाणकाराइतका समजून घेतला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्याचबरोबर दीनची पायाभूत ओळख पक्की नसताना या विषयात उतरू नये, हेही तेवढेच खरे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. १०९५ साली, कीर्तीच्या शिखरावर असताना, गझाली यांनी ते पद सोडले. त्यांनी स्वतःच्या हेतूची तपासणी केली तेव्हा त्यांना दिसले की आपण शिकवितो ते अल्लाहसाठी नाही, मानमरातबासाठी. नामांकित संस्थेच्या सर्वोच्च आसनावर बसलेल्या माणसाने ते आसन कशासाठी हवे आहे, असा प्रश्न स्वतःला विचारला आणि मिळालेले उत्तर मान्य केले. पुढे दहा-अकरा वर्षांनी ते निशापूर येथे पुन्हा शिकवू लागले. संस्था त्याही वेळी प्रतिष्ठितच होती. तपासला गेला होता तो हेतू.

'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात त्यांनी आपल्या काळातील विद्यार्थ्यांविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. कित्येक गावांत मुस्लिम वैद्य औषधालाही सापडत नाही, तरीही वैद्यकीकडे कोणी वळत नाही आणि सारे फिकहच्या अभ्यासासाठी धावतात, याचे त्यांना नवल वाटे. कारणही ते सांगतात: त्या विद्येतून न्यायाधीशपदे मिळत, वक्फची आणि अनाथांच्या मालमत्तेची व्यवस्था हाती येई. म्हणजे त्या काळी 'चांगला पगार देणारा' विषय फिकह होता आणि समाजाची गरज असलेला दुर्लक्षित विषय वैद्यकी होता! आज चित्र उलटे झाले आहे. वैद्यकी आणि अभियांत्रिकीला रांगा आहेत. पण मुस्लिम समाजाविषयी, शरीअतविषयी, स्त्रियांच्या हक्कांविषयी, नागरिकत्वाविषयी मराठीत गंभीर चर्चा सुरू होते, तेव्हा नेमका युक्तिवाद शांतपणे मांडणारी आपली माणसे किती दिसतात? एखाद्या आरोपाचे उत्तर आपण बहुधा चिडून देतो किंवा गप्प बसतो. तिसरा मार्ग शिकावा लागतो. समाजातील काही जणांनी जे केल्याने सर्वांची जबाबदारी फिटते आणि कोणीच न केल्यास सर्व दोषी ठरतात, त्याला आपण फर्जे किफाया म्हणतो. गझाली यांनी वैद्यकीला त्यात धरले होते. आज स्पष्ट विचार करणारी, मराठीत लिहू-बोलू शकणारी माणसे घडविणे हे त्याच स्वरूपाचे कर्तव्य होऊन बसले आहे.

म्हणून तत्त्वज्ञान शिकू इच्छिणाऱ्या तरुणांनो, स्वतःला विचारा: उद्या हीच पुस्तके, हेच शिक्षक मिळतील पण विद्यापीठाचे नाव कोणाला सांगता येणार नाही, अशी अट घातली, तर मी शिकेन का? उत्तर 'होय' असेल, तर तुमची ओढ ज्ञानाची आहे आणि घरच्यांनी तिचा मान राखावा. उत्तर 'नाही' असेल, तर तुम्हाला हवे आहे ते नाव. ते इतरही मार्गांनी मिळते आणि त्यासाठी कुटुंबाला अडचणीत टाकण्याचे कारण नाही. ज्या ज्ञानाचा लाभ होत नाही त्यापासून प्रेषित (स.) अल्लाहचा आश्रय मागत असत. लाभ न देणारे ज्ञान स्वस्त असू शकते, महागही असू शकते. शुल्काच्या पावतीवरून ते ओळखता येत नाही.

हा भार एकट्या घराचा नाही

शेवटी एक गोष्ट समाजातील सुस्थितीतील बांधवांसाठी. निजामिया मदरसा वक्फच्या उत्पन्नावर चाले. तेथे शिकणाऱ्याला कर्ज काढावे लागत नव्हते. आपल्याच महाराष्ट्रात, जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे, प्रताप शेठ या गिरणीमालकाने १९१६ साली 'तत्त्वज्ञान मंदिर' स्थापन केले. विद्यार्थ्यांनी उपजीविकेच्या चिंतेविना तत्त्वज्ञानाचा अभ्यास करावा म्हणून तेथे विद्यावेतन दिले जाई. साने गुरुजीही त्या संस्थेत काही काळ अध्ययनासाठी होते. कापडाच्या गिरणीतील नफा तत्त्वचिंतनावर खर्च करणाऱ्या त्या माणसाने 'परतावा किती?' असे विचारले नाही. संपत्ती कोठे खर्च केली, या प्रश्नाचे त्याने आपल्यापुरते उत्तर तयार ठेवले.

इमाम अबू युसुफ (रह.) यांच्याविषयी चरित्रकार सांगतात की घरची गरिबी इतकी होती की त्यांना इमाम अबू हनीफा यांच्या वर्गातून उठवून कामाला लावण्यात आले. कोणी हे वडिलांनी केले म्हणतात, कोणी आईने. इमामसाहेबांनी पालकांना दोष दिला नाही आणि विद्यार्थ्याला सब्रचा उपदेशही केला नाही. त्यांनी आपल्या व्यापारातील पैसे दिले आणि ते संपण्यापूर्वी पुन्हा देत राहिले. पुढे तोच मुलगा खलिफा हारून अर-रशीदच्या काळात मुख्य न्यायाधीश झाला. पालकांची भीती खरी होती, मुलाची ओढही खरी होती. दोहोंतील अंतर पैशाने भरून निघाले, आणि तो पैसा व्याजाचा नव्हता.

मिरा-भाईंदरमध्ये अशी ऐपत असलेली घरे आहेत, व्यावसायिक आहेत, संस्था आहेत. मशिदीच्या रंगरंगोटीसाठी आपण उदार होतो, अल्लाह ते स्वीकारो. त्याच उदारतेतून एखादा छोटा कर्जे हसनाचा निधी उभा राहिला, बाजार ज्याला भाव देत नाही पण समाजाला ज्याची गरज आहे अशा विषयांसाठी दरवर्षी दोन-तीन विद्यार्थ्यांना आधार मिळाला, आणि पात्र गरजू विद्यार्थ्यांपर्यंत जकात पोहोचली, तर कितीतरी घरांतील तो अबोला टळेल.

तोवर प्रत्येक कुटुंबाने एवढे करावे. बाप आणि मुलाने एकत्र बसून एका कागदावर ते पाच प्रश्न लिहावेत. पैशाचे दोन प्रश्न वडिलांनी मांडावेत आणि मुलाने त्यांची उत्तरे आकड्यांत द्यावीत. आयुष्य, तारुण्य आणि ज्ञान हे तीन प्रश्न मुलाने मांडावेत आणि वडिलांनी ते हसण्यावारी नेऊ नयेत. शिष्यवृत्ती मिळत असेल तर बिनधास्त पाठवावे. न मिळाल्यास कालिन्याचा पास काढावा, सोबत एखादे कौशल्य शिकावे आणि विषय सोडू नये. व्याजाच्या दारातून मात्र ज्ञानाकडे जाऊ नये.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल उपजीविका, लाभदायक ज्ञान आणि पाचही प्रश्नांना सामोरे जाण्याचे बळ देवो. आमीन.